डॉकिंगचं मॉडेल आपटून माघारी येतंय? मॅग्नेट बदलण्याआधी हे तपासा

इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेनं १६ जानेवारी २०२५ रोजी दोन उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडून दाखवले. यालाच डॉकिंग म्हणतात. तेव्हापासून आमच्याकडच्या विज्ञान प्रदर्शनांत ज्वालामुखी अन् पवनचक्कीच्या शेजारी डॉकिंगचं मॉडेलही दिसू लागलंय. जालना असो, परभणी असो की हिंगोलीचा एखादा तालुका, मॉडेल वेगवेगळी, पण तक्रार एकच: “सर, आपटतंय अन् माघारी येतंय. धरंनाच.” आणि लगेच दुसरा प्रश्न ठरलेला: “मॅग्नेट मोठं लावू का?”

मी वाळूजला टूलरूममध्ये काम करतो. दोन भाग एकमेकांत नेमके बसवणं हेच रोजचं काम, म्हणून ओळखीचे शिक्षक मॉडेल घेऊन येतात. बहुतेक मॉडेलांत मॅग्नेट पुरेसंच असतं, बिघाड त्याच्या आधीच्या टप्प्यात असतो. त्या टप्प्यांबद्दल हे लिहितोय. तुमच्या गाड्या हवेवर तरंगणाऱ्या आहेत असं धरून चाललोय: सीडीला फुगा लावलेल्या, नाहीतर ॲक्रिलिकच्या चकतीवर छोटा ब्लोअर बसवलेल्या. चाकांवरची गाडी असेल तर आधी ती बाजूला ठेवा. चाकांचं घर्षण टक्कर गिळून टाकतं, मॉडेल छान जुळतं आणि डॉकिंगमधली खरी अडचण काय आहे हे तुम्हाला कधीच कळत नाही. दोऱ्याला टांगलेल्या मॉडेलचंही तसंच, कारण गुरुत्वाकर्षण त्याला सारखं मूळ जागी ओढतं.

आधी बघा, कुठल्या टप्प्यावर अडतंय

“जोडत नाही” एवढ्यावरून काही कळत नाही. खऱ्या यंत्रणेत जोडणी एका फटक्यात होत नाही. आधी दोन्ही यानांच्या तोंडाशी असलेल्या रिंगा टेकतात आणि टकरीची ऊर्जा कुठंतरी जिरते. मग हलकी पकड बसते, तिला सॉफ्ट कॅप्चर म्हणतात. यात दोन्ही यानं एकमेकांना धरून असतात, पण अजून डुलत असतात. डुलणं थांबलं की रिंग आत ओढली जाते, त्या ओढीत दोन्ही तोंडं सरळ होतात, आणि शेवटी मोटरवर चालणारे जाड हुक बसून सांधा घट्ट होतो. माणसांचं यान असेल तर त्यानंतर सांध्यातून हवा गळत नाही ना हे तपासतात, मगच दार उघडतात.

मोबाइल स्लो-मोशनवर टाका, काचेखाली आलेख कागद ठेवा आणि वरून चित्रीकरण करा. टेकून लगेच मागे फिरतंय, की क्षणभर धरून सुटतंय, की धरतंय पण पूर्ण बसत नाही? या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे. शिक्षकांना माझी एक विनंती आहे: चित्रीकरण झाल्याशिवाय मुलांना स्क्रू ड्रायव्हर देऊ नका.

टेबल आणि पंखा

हे लवकर उरकू, पण वगळू नका. मीटरला फक्त १ मिलिमीटर उतार असला तरी तरंगणारी गाडी आपोआप निघते आणि तीन सेकंदांत तिचा वेग सेकंदाला ३ सेंटीमीटरच्या आसपास जातो. डॉकिंगचा एकूण वेगच जिथं सेकंदाला ५ ते १० सेंटीमीटर ठेवायचाय, तिथं ही चूक मोठी आहे. शहाबादी फरशीवर प्रयोग करूच नका. जाड काच किंवा स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखा ग्रॅनाइट घ्या आणि स्पिरिट लेव्हल दोन्ही दिशांनी लावून बघा. गाडी मधोमध सोडल्यावर कुठल्याच बाजूला जायला नको.

छताचा पंखा बंद करा. फुग्याची गाडी वाऱ्यावर नाचते. प्रदर्शन शाळेच्या पटांगणात मंडपाखाली असेल तर पुठ्ठ्याच्या तीन भिंती करून घ्या, परीक्षकांना चौथ्या बाजूनं दिसतं.

टेकून लगेच मागे फिरतंय

सगळ्यात जास्त तक्रारी याच. हे मुळापासून समजून घ्यायचं तर ऊर्जेचा हिशेब मांडावा लागतो, त्याला इलाज नाही.

समजा, दोन्ही गाड्या ३०० ग्रॅमच्या आहेत आणि सेकंदाला १० सेंटीमीटरनं एकमेकींजवळ येतायत. टकरीत जी ऊर्जा जिरवायची ती या दोघींच्या सापेक्ष गतीची. दोन सारख्या वस्तूंसाठी ती काढताना वस्तुमान निम्मं धरायचं: अर्धा गुणिले ०.१५ किलो गुणिले ०.१ चा वर्ग. उत्तर येतं ०.७५ मिलिज्यूल. वेग तिप्पट केला तर हीच ऊर्जा नऊपट होते. “जोरात ढकललं तर बसेल” हा सल्ला घरात कुणीतरी देतंच, पण या वर्गाकडं कुणी बघत नाही.

आता खऱ्या यानांकडं बघा. स्पेडेक्सचे दोन्ही उपग्रह प्रत्येकी सुमारे २२० किलोचे. टेकतानाचा वेग इस्रोनं सेकंदाला १० मिलिमीटरच्या घरात ठेवला होता. वरचाच हिशेब लावला तर ऊर्जा येते साधारण साडेपाच मिलिज्यूल. रुपयाचं नाणं वितीपेक्षा थोड्या कमी उंचीवरून टेबलावर टाकलं तर एवढीच ऊर्जा लागते. दोन उपग्रहांची टक्कर आणि तिच्यात फक्त इतकी ऊर्जा! उलट, सुमारे ७ टनांचं सोयुझ हे माणसं नेणारं रशियन यान अंतराळ स्थानकाला सेकंदाला १० सेंटीमीटरच्या आसपास वेगानं टेकतं. स्थानक इतकं जड आहे की ते जवळपास स्थिरच धरायचं, मग हिशेब ३५ ज्यूलपर्यंत जातो, म्हणजे स्पेडेक्सच्या सहा हजार पटींहून जास्त. म्हणून सोयुझच्या दांड्यामागं (हा दांडा स्थानकाच्या शंकूत शिरून पकड घेतो) टक्कर जिरवणारा भक्कम शोषक लागतो, आणि स्पेडेक्सला दोन मोटरींची साधी यंत्रणा पुरली. आंतरराष्ट्रीय मानकाच्या रिंगेशी तुलना करताना इस्रोनं स्वतःच सांगितलंय: तिकडं व्यास ८०० मिलिमीटर आणि २४ मोटरी, इकडं व्यास ४५० मिलिमीटर आणि २ मोटरी. तुमच्या मॉडेलमध्ये एकच मोटर असली तर लाजायचं कारण नाही. वेग कमी ठेवण्याची शिस्त मात्र त्यांच्याकडूनच घ्या.

मॅग्नेटचा प्रश्न याच हिशेबात सुटतो. मॅग्नेट गाडीला जवळ ओढताना ऊर्जा देतं, आणि गाडी मागे फिरली तर जाताना तेवढीच परत मागतं. टकरीत काहीच ऊर्जा गेली नाही तर व्यवहार बरोबरीत सुटतो आणि गाडी आली त्याच वेगानं निघून जाते, मग मॅग्नेट केवढंही असो. खऱ्या टकरीत थोडी ऊर्जा जातेच, म्हणून मोठं मॅग्नेट लावल्यावर कधीकधी मॉडेल चिकटतंही आणि मुलं खूश होतात. पण मोठं मॅग्नेट लांबूनच ओढतं, गाडीला फिरवून चुकीच्या कोपऱ्यात चिकटवतं आणि नंतर सोडत नाही. तिथून नव्या तक्रारी सुरू होतात.

तेव्हा आधी ऊर्जा जिरवायला शिका. नुसती स्प्रिंग लावू नका, ती घेतलेलं सगळं परत देते. सरावासाठी लॅच (धरून ठेवणारी खिट्टी) आणि मॅग्नेट दोन्ही काढून टाका, फक्त रिंग ठेवा, आणि गाडी सेकंदाला १० सेंटीमीटरनं सोडून ती किती वेगानं परत येते ते आलेख कागदावरून काढा. परतीचा वेग येतानाच्या निम्म्याहून जास्त असेल तर लॅचच्या कामाला हातच लावू नका.

यासाठी मला सापडलेली सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे कारखान्यात आवाजापासून कान वाचवायला घालतात ते फोमचे पिवळे बोळे. वाळूज, चिकलठाण्याच्या बाजूला सेफ्टीचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतात. बोटानं चेपून सोडले की हळूहळू फुगतात, म्हणजेच ऊर्जा परत देत नाहीत. त्यांच्या अर्ध्या सेंटीमीटरच्या चकत्या कापून रिंगेच्या मागं तीन जागी चिकटवा. इंजेक्शनच्या सिरिंजचा डँपर, म्हणजे धक्का जिरवणारा भाग, पुष्कळ जण करतात. कल्पना चांगली आहे, पण प्लास्टिकच्या सिरिंजचा रबरी दट्ट्या सुरुवातीला अडकून बसतो, आणि पाऊण मिलिज्यूलच्या टकरीला तो हलतच नाही. मग ती सिरिंज आणि दगडाची भिंत यांत फरक उरत नाही.

फोमची एक खोड माहीत असू द्या. हा फोम थंडीत कडक होतो. परभणीत डिसेंबरच्या सकाळी पारा केवढा खाली जातो हे तिकडच्यांना सांगायला नको. “सकाळी उद्घाटनाला चाललं नाही, दुपारी आपोआप चालायला लागलं” ही तक्रार आली की मी आधी फोम आणि ग्रीस बघतो. बिजागरांना ग्रीस लावलं असेल तर पुसून काढा आणि शिलाई मशीनच्या पातळ तेलाचा एक थेंब द्या. अंतराळात तर तेलाचाही भरवसा नसतो. निर्वात पोकळीत ते उडून जातं आणि थंडीत गोठतं, म्हणून तिथं मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखी कोरडी वंगणं वापरतात.

क्षणभर धरून सुटतंय

आता लॅचकडं या. पाऊण मिलिज्यूल ऊर्जेत समजा लॅचला ३ मिलिमीटर दाबायचंय, तर सरासरी जोर फार तर २५ ग्रॅम वजनाएवढा मिळतो. लॅच तीन असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ८ ग्रॅम येतात, त्यातली निम्मी ऊर्जा फोमनं खाल्ली की उरतात ४. आणि मुलं लॅचला बॉलपेनची स्प्रिंग लावतात! ती दाबायला याच्या कितीतरी पट जोर लागतो. गाडी लॅचवर आपटते, लॅच हलत नाही, आणि सगळा दोष मॅग्नेटवर जातो.

लॅच मोजायला सोनाराकडं असतो तसला छोटा डिजिटल काटा आणा. लॅच काट्यावर उभा टेकवून दाबा आणि तो किती ग्रॅमला सुटतो ते वाचा. जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर लांब पट्टी लॅच म्हणून उत्तम चालते. पट्टी जितकी अरुंद, तितका जोर कमी लागतो. टोकाला छोटा उतार द्या, म्हणजे आत जाताना ती सहज वाकेल आणि बाहेर येताना अडेल.

एवढ्या हलक्या लॅचनं गाड्या घट्ट कशा राहतील, हा प्रश्न परीक्षक हमखास विचारतात. उत्तर सोपं आहे. हलक्या लॅचचं काम फक्त निसटू न देणं, घट्ट करायला मोटरवरचे हुक वेगळे. अमेरिकेच्या अपोलो यानाच्या दांड्याच्या टोकाला पकडीचे तीन छोटे लॅच होते, आणि भार पेलणारे बारा लॅच वेगळ्या रिंगेवर. कामं वाटून दिली म्हणून लॅच हलके ठेवता आले. तुमच्या मॉडेलमध्ये एकाच लॅचकडून दोन्ही कामं मागितली जात असतील तर ते मॉडेल कधीच नीट चालणार नाही, कितीही घासा.

याच टप्प्यावर दुसरा गुन्हेगार बहुधा कोडमध्ये असतो. पंख्यांवर चालणाऱ्या, आर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड) लावलेल्या गाड्यांत हे नेहमी दिसतं. लॅच धरतो, गाडी जराशी डुलते, सेन्सरला वाटतं दिशा चुकली, आणि पंखे दिशा सुधारायला जोर लावतात. पण आता गाडी मोकळी नाही, ती दुसरीला धरून आहे. पंखा जितकं सुधारायला जातो तितकं डुलणं वाढतं, आणि शेवटी लॅच तुटतो नाहीतर सुटतो.

एप्रिल १९७१ मध्ये सोयुझ १० चं नेमकं हेच झालं. शातालोव्ह, येलिसेयेव्ह आणि रुकाविश्निकोव्ह हे तिघं साल्युत १ या पहिल्या अंतराळ स्थानकाकडं गेले होते. दांड्यानं स्थानकाच्या शंकूत पकड मिळवली, पण यानाची स्वयंचलित दिशा-नियंत्रण यंत्रणा चालूच राहिली आणि थ्रस्टर (यान वळवणारी छोटी इंजिनं) झटके देत राहिले. यान डुलत गेलं आणि डॉकिंग यंत्रणेतल्या शोषकाचं नुकसान झालं. घट्ट जोड बसलाच नाही. तिघांना स्थानकात पाऊलही न टाकता परत यावं लागलं. पुढं यंत्रणा मजबूत केली आणि जूनमध्ये सोयुझ ११ जोडलं गेलं.

तुमचा इलाज दोन ओळींचा आहे. रिंगेवर लिमिट स्विच लावा, आणि तो दाबला गेला की पहिलं काम सगळे पंखे बंद करण्याचं. कोडमध्ये कुठं ‘डिले’ टाकलेला असेल तर तो शोधा. अर्ध्या सेकंदाच्या डिलेत वाटोळं होतं.

पाकळ्या एकमेकींवर आपटतायत

ही तक्रार मजेशीर आहे, कारण यात मुलांनी काम फार नीट केलेलं असतं. दोन्ही बाजूंना सारखीच रिंग असते, तिला तीन पाकळ्या, मधे तीन खाचा. वाचलेलं असतं की नर-मादी भेद नसलेली रिंग चांगली, कारण कुठलंही यान कुठल्याही यानाला जोडता येतं. सोव्हिएत अभियंते व्लादिमिर सिरोम्यात्निकोव्ह यांनी अशी रिंग बनवली आणि १७ जुलै १९७५ रोजी अपोलो आणि सोयुझ त्याच रिंगेनं जोडले गेले. त्या काळात दोन महासत्तांपैकी मादी भाग कुणी व्हायचं, हा वादसुद्धा त्यामुळं टळला. तिच्या पाकळ्या बाहेरच्या बाजूला झुकलेल्या होत्या. नंतरच्या पिढीत त्या आत वळल्या, आणि आजचं आंतरराष्ट्रीय मानकही त्याच वळणाचं आहे.

मुलं तंतोतंत सारख्या दोन रिंगा कापतात, समोरासमोर आणतात, आणि पाकळीसमोर पाकळी येते. का? कारण समोरासमोर धरलेली दुसरी रिंग आरशातल्यासारखी उलटते. तुमची डावी बाजू तिच्या उजवीसमोर येते. बहुतेक जण रिंग आखताना वर मधोमध एक पाकळी काढतात, दिसायला छान दिसते म्हणून. मधोमधची पाकळी आरशातही मधोमधच राहते आणि समोरच्या मधोमधच्या पाकळीवर आदळते.

रिंगेची उभी मध्यरेषा पाकळीच्या मधून न जाता पाकळी आणि खाच यांच्या सीमेवरून गेली पाहिजे. प्रत्येक पाकळी ६० अंशांची आणि प्रत्येक खाच ६० अंशांची असेल, तर सगळं चित्र ३० अंशांनी फिरवलं की काम झालं. मग आरशात उलटलेली पाकळी बरोबर खाचेसमोर येते. पुठ्ठ्याच्या दोन सारख्या चकत्या कापून, तोंडाला तोंड लावून बघा, पाच मिनिटांत पटेल. थ्रीडी प्रिंटला टाकण्याआधी बघा, नंतर नको. संभाजीनगरात प्रिंट करून घेणं काही फुकट होत नाही.

मॅग्नेटनाही हाच नियम. मध्यरेषेच्या डावीकडं उत्तर ध्रुव समोर असेल, तर उजवीकडं तेवढ्याच अंतरावर दक्षिण ध्रुव समोर ठेवायचा. तसं केलं तरच सारख्या दोन रिंगा एकमेकींना ओढतील. नेमक्या मध्यरेषेवर एकही मॅग्नेट नको, ते समोरच्या आपल्याच जुळ्याला ढकलणार.

अजून एक गोष्ट. रिंगा सारख्या असल्या तरी जोडताना एकच पुढं काढायची, दुसरी आत घट्ट ठेवायची. अपोलो-सोयुझमध्येही एका वेळी एकच बाजू सक्रिय होती. दोन्ही रिंगा फोमवर मोकळ्या सोडल्या की दोघीही वाकतात आणि लॅचला टेकू मिळत नाही.

धरतं, पण पूर्ण बसत नाही

सॉफ्ट कॅप्चर झालं, मोटरनं ओढलं, आणि शेवटी दोन-तीन मिलिमीटर फट राहतेच. मोटर मोठी करू नका. फटीत बघा.

एप्रिल १९८७ मध्ये क्वांट हा भाग सोव्हिएत संघाच्या मीर या अंतराळ स्थानकाला जोडताना अशीच फट राहिली. रोमानेन्को आणि लावेइकिन बाहेर पडले, तर दोन तोंडांच्या मधे एक पिशवी अडकलेली सापडली. ती ओढून काढली आणि सांधा बसला. २००१ च्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय स्थानकाला आलेलं प्रोग्रेस हे मालवाहू यानही असंच अर्धवट अडकलं. आधी तिथून गेलेल्या यानाचं रबरी सील बंदरावरच (स्थानकाच्या जोडणीच्या तोंडावर) राहिलं होतं. डिसेंबरमध्ये अंतराळवीरांनी बाहेर जाऊन ते कापून काढलं. दोन्ही वेळा यंत्रणा ठणठणीत होती, मधे आलेला कचरा तेवढा नडला.

आमच्याकडं हा कचरा म्हणजे लोखंडाचा कीस. शाळेच्या कार्यशाळेत ग्राइंडर चालतो त्याच टेबलावर मॅग्नेट ठेवलेलं असतं, आणि त्याला बारीक मिशा फुटलेल्या असतात. चिकटपट्टी दाबून काढा, कापडानं पुसून जात नाही. हिवाळ्यात कापसाचे तंतूही बिजागरात जातात, विशेषतः जिनिंग मिलजवळच्या शाळांत. झाकण म्हणून टोपरं शिवून घ्या आणि मॉडेल नेता-आणताना रिंगेवर घाला. कीस नसूनही फट राहत असेल तर सगळे हुक एकाच वेळी बसतायत का बघा. एक आधी बसला की तोंड तिरपं होतं आणि उरलेले पोहोचतच नाहीत.

सगळं तपासलं, तरी कारण सापडत नाही

असंही होतं, आणि मोठ्यांच्या बाबतीतही झालंय. अपोलो १४ नं ३१ जानेवारी १९७१ ला उड्डाण केलं. चंद्राच्या वाटेवर स्टुअर्ट रूसा यांनी यान वळवून चांद्रयानाला, म्हणजे चंद्रावर उतरायच्या यानाला, जोडायला सुरुवात केली. दांडा शंकूत बरोबर जायचा, पण टोकाचे तीन लॅच धरायचेच नाहीत. एक-दोन नव्हे, पाच प्रयत्न वाया गेले. चांद्रयानाशिवाय तर चंद्रावर उतरताच आलं नसतं.

ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रानं सुचवलेला उपाय मला फार आवडतो. लॅच का धरत नाही याच्या मागं लागायचं सोडून त्यांनी तो टप्पाच ओलांडला. थ्रस्टर चालू ठेवून यान चांद्रयानावर दाबून धरायचं आणि त्याच वेळी दांडा आत ओढून घ्यायचा, म्हणजे दोन्ही रिंगा थेट टेकतील आणि भार पेलणारे बारा लॅच स्वतःहून बसतील. सहाव्या प्रयत्नात ते बसले. तो दांडा पृथ्वीवर परत आणून तपासला, तरी नेमकं कारण पक्कं सांगता आलं नाही. मधे काहीतरी बारीक अडकलं असावं, हाच अंदाज राहिला. १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकाच्या पहिल्या चमूलाही लॅचनं असाच त्रास दिला. त्यांनी दांड्याच्या विजेच्या जोडण्या बदलून लॅचचं सर्किटच वळसा घालून टाळलं आणि जोडणी केली.

प्रदर्शनाच्या दिवशी लॅच रुसला तर तुम्हालाही हे करता येतं. दोन्ही गाड्या हातानं अलगद टेकवून धरा, मोटरनं हुक बसवून दाखवा, आणि परीक्षकांना स्पष्ट सांगा की सॉफ्ट कॅप्चर आज चालत नाहीये, म्हणून अपोलो १४ ची रीत वापरतोय. लपवण्यापेक्षा याला जास्त गुण मिळताना मी पाहिलेत.

घरी असताना मात्र दोष कुठल्या गाडीत आहे ते आधी ठरवा. रिंगा सारख्याच असल्यानं अदलाबदल करता येते: दोष गाडीबरोबर जातो की जागेवर राहतो? एकेक गाडी एकटी चालवूनही बघा. १६ मार्च १९६६ रोजी अमेरिकेच्या जेमिनी ८ नं अजेना या मानवरहित यानाशी इतिहासातलं पहिलं डॉकिंग केलं, आणि थोड्याच वेळात जोडलेली दोन्ही यानं गरगर फिरायला लागली. आर्मस्ट्राँग आणि स्कॉट यांचा संशय अजेनावर गेला, म्हणून त्यांनी यान सोडवलं. तर वेग आणखी वाढला, सेकंदाला जवळपास एक फेरी! अडकलेला थ्रस्टर त्यांच्या स्वतःच्या यानाचा होता, आणि अजेनाचं वजन गेल्यावर फिरणं अधिकच सोपं झालं होतं. परतीसाठी राखून ठेवलेले थ्रस्टर वापरून त्यांनी यान सावरलं, पण मोहीम तिथंच आवरती घ्यावी लागली. तुमच्या गाडीचा एखादा पंखा बंद असतानाही हळू फिरत असेल, तर तो एकट्या गाडीवर लगेच दिसतो. जोडलेल्या अवस्थेत दिसत नाही.

आता सुटत नाही

इथवर आलात म्हणजे मॉडेल जोडलं जातंय. मग परीक्षक म्हणतात, “सोडून दाखवा.” हा भाग मुलं शेवटच्या रात्री करतात. सोयुझ १० ला जोडणी तर जमली नाहीच, वर पकडही सुटेना. काही तास यान स्थानकाला लटकून होतं. दांडा तिथंच सोडून यावं म्हटलं तर साल्युतचं एकुलतं एक बंदर कायमचं बंद झालं असतं. स्पेडेक्सनं १३ मार्च २०२५ ला सुटून दाखवलं आणि एप्रिलमध्ये पुन्हा जोडलं, म्हणून तर दुसऱ्यांदा करता आलं.

मॅग्नेट सरळ मागं ओढून सोडवू नका, मोटर दमते आणि सुटताना गाडी उसळते. मॅग्नेट बसवलेली चकती आडवी सरकवा किंवा जराशी फिरवा, म्हणजे समोरासमोरचे ध्रुव बदलतील आणि ओढ आपोआप ढकलीत बदलेल. एक्स-रे फिल्मचे लॅच असतील तर प्रत्येकाला दोरा बांधून तिन्ही दोरे एकाच चकतीवर घ्या. सर्व्हो मोटरनं चकती फिरली की तिन्ही एकदम उचलले जातात. एक जरी मागं राहिला तर गाडी सुटताना गोल फिरते. दूर ढकलायला बॉलपेनची स्प्रिंग इथं वापरा, इथं ती शोभते. फक्त ती रिंगेच्या मधोमध बसवा आणि हुक निघाल्यावरच सुटेल अशी अडकवा.